भिंतीकडे तोंड

१

खळ शिजवताना हात थांबवायचा नसतो. मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा, मग उकळत्या पाण्यात त्याची धार धरायची आणि ढवळत राहायचं. जरा कुठे लक्ष गेलं की गुठळ्या झाल्याच. पळीवरून सरसर उतरायला लागली की गॅस बंद करायचा आणि चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचुदामुळे कागदाला झुरळ लागत नाही, फक्त खळीवर किंचित निळसर झाक येते. आमची आई दारात उभी राहून हे सगळं बघते आणि म्हणते, एवढं मन लावून कधी पिठलं केलं असतंस तर बरं झालं असतं.

शालिमारजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. लोकांची तोंडं गोरी करायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची आणि मागे उगवता सूर्य लावायचा, हा माझा धंदा. इतकी वर्षं ही तोंडं बघून मला तोंडांचा असा वीट आलाय की माझ्या स्वतःच्या कामात मी तोंड काढतच नाही. मी फक्त पाठी काढते.

स्वतःचं काम म्हणजे भिंतीवर चिकटवायची कागदी माणसं. खाकी कागदावर काळ्या शाईने माणसाच्या उंचीएवढी पाठ काढायची, कडेने कापायची आणि जिथे ते माणूस पूर्वी असायचं त्या जागी नेऊन चिकटवायची. रविवार कारंजावर बंद पडलेल्या दुकानाशेजारी मी एक फुलवाली बसवली आहे. द्वारकेच्या पुलाखाली एक हमाल उभा आहे. सगळे आपल्याकडे पाठ करून भिंतीत बघत असतात. शिडी धरायला आमच्या दुकानाचा फ्लेक्स बांधणारा रोहित येतो. दोन मुलांचा बाप आहे, पण तोंडाला कुलूप नाही. तो म्हणतो, "ताई, सगळ्या नाशिकने तुमच्याकडे पाठ फिरवली बघा."

२

आमचं घर भद्रकालीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, मी आणि आई. मधल्या खोलीची एक भिंत शेजारच्या इमारतीला सामायिक होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे शहनाजचाची.

शहनाजचाची शिवणकाम करायची. दुपारची जेवणं झाली की भिंतीपलीकडे तिचं पायाचं मशीन सुरू व्हायचं. माझी शाळेची आणि कॉलेजची सगळी वर्षं त्या खडखडीत गेली. कानांना इतकी सवय झाली होती की लांब सरळ शिलाई कोणती, बाही कोणती आणि गळा वळवताना हाताने चाक थांबवलं कधी, हे आम्हाला न बघता कळायचं.

ब्लाउज तयार झाला की ती भिंतीवर दोनदा टकटक करायची. म्हणजे या, घालून बघा. आपण एकदा वाजवायचं. म्हणजे आले. कच्च्या शिलाईवर घालून बघायला तिने कधीच कुणाला बोलावलं नाही. तुरपाई होऊन हुक लागल्याशिवाय टकटक नाही, हा तिचा ताठा होता. आणि टकटक करूनही कोणी गेलं नाही, तर ती थोडी वाट बघायची आणि ब्लाउज हातावर टाकून स्वतःच आमच्या दारात यायची. तोंडात टाचण्या तशाच धरलेल्या असायच्या, त्यामुळे बोलता यायचं नाही. नुसतं बोट फिरवून सांगायची, वळ.

मग मालकाने ती इमारत पाडायला काढली. माणसं पांगली. चाची तिच्या मुलीबरोबर, उजमाबरोबर, इथल्याच वडाळ्याला राहायला गेली. इमारत पडली, पण नवीन काही उभं राहिलं नाही. जागा तशीच पडून राहिली आणि आमच्या मधल्या खोलीची भिंत बाहेरची भिंत झाली. तिच्या त्या बाजूला चाचीच्या खोलीचा हिरवट निळा रंग अजून तसाच होता. फळीच्या खुणा, दोन खुंट्या, एक कोनाडा आणि कॅलेंडरच्या जागी एक फिकट चौकोन. दुसऱ्याच्या घराचं पोट असं उघड्यावर बघायला मला कसंतरी व्हायचं.

आईला मात्र वेगळाच त्रास सुरू झाला. तिला दुपारची झोप येईना. बाबा गेल्यापासून रात्रीची झोप तशीही तिला बेताचीच होती. दुपारी त्या खडखडीच्या तालावर काय तो डोळा लागायचा. ती भिंतीला लावलेल्या कॉटवर पडायची आणि डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलेलं, विश्रांती हवी म्हणाले. मला तिची फार काळजी वाटायची. आईशिवाय माझं दुसरं कोण आहे?

आईच्या झोपेवर मी काही करू शकत नव्हते. पण चाचीला परत त्या जागी बसवणं मला येत होतं.

३

पाडकाम चाललं होतं तेव्हा कोनाड्यात अडकलेलं कटिंगच्या कागदांचं एक भेंडोळं मी उचलून आणलं होतं. शिंपी लोक मापाचे कागद कापून ठेवतात ना, पाठ, पुढचा भाग, बाही, तसले. बरेचसे वर्तमानपत्राचे आणि काही गुलाबी. मला वाटलं, चाची काढायची तर तिच्याच कागदातून काढावी.

तिचा फोटो लागणार नव्हता. ती कशी बसायची ते मला पक्कं आठवत होतं. मशीन भिंतीला टेकलेलं, ती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून वाकलेली, केसांचा सैल अंबाडा, खांद्यावरून घसरलेली ओढणी. कमीजच्या पाठीसाठी मी एक गुलाबी कागद निवडला. तो पाठीचाच कागद होता आणि माझ्या चित्रातल्या पाठीवर असा चपखल बसला की कात्री लावायची गरज पडली नाही. मी खूश झाले. आईला बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण बाईला जरा ताठ तरी बसव, मान दुखेल तिची.

रविवारी सकाळी रोहित आणि मी मोकळ्या जागेत गेलो. आधी भिंत झाडली, मग खळीचा हात मारला, कागद लावला आणि वरून पुन्हा खळ. पायाशी कागदाचीच चिंध्यांची टोपली, शेजारी पाण्याचा तांब्या, वर एक दिवा. बाई बरोबर त्या जागी बसली. तिच्या तोंडासमोर, एका विटेच्या पलीकडे, आईची कॉट होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही असं नाही. उलट मला ते आवडलं.

त्या जागेत गल्लीतल्या शेळ्या फिरतात. पोस्टर हे त्यांचं खाणं. मैद्याच्या लालचीने त्या कागद ओरबाडतात आणि भिंत चाटून लख्ख करतात. मोरचुदाला झुरळ भितं, शेळी भीत नाही. रोहितने माझ्याशी एका मिसळीची पैज लावली की उद्या दुपारपर्यंत चाचीचा एक तुकडाही उरणार नाही.

४

सोमवारी शेळ्यांनी चिंध्यांची टोपली खाल्ली, तांब्या खाल्ला, दिवाही खाल्ला. मागचे पाय विटांच्या ढिगावर ठेवून उंच होऊन खाल्ला असणार. आणि बाईपासून वीतभर अंतरावर त्या थांबल्या होत्या. फाटलेली कड बाईच्या भोवतीने सरळ गेली होती, जणू कोणी खडूने रेघ मारून दिली होती. पैज जिंकले म्हणून मी रोहितला फोटो पाठवला.

मी दुपारी जेवायला घरी येते. त्या दिवशीही आले, ताट वाढून घेतलं आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून जेवायला लागले. आई कॉटवर शांत झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. किती दिवसांनी तिला असं झोपलेलं बघत होते. बरं वाटलं. मनात म्हटलं, मशीन चालू आहे म्हणून झोप लागली बिचारीला.

वरणात कालवलेला घास तसाच माझ्या हातात राहिला.

मशीन चालू होतं. लांब, सरळ शिलाई. थांबलं. परत सुरू झालं.

५

मी घाबरट नाही. आधी मी पाण्याची मोटर बघितली. बंद होती. वरच्या मजल्यावरच्या पल्लवीला विचारलं, तिच्याकडे मिक्सरसुद्धा बिघडलेला होता. मग वाटलं, गल्लीत कुठेतरी दुसरं शिलाई मशीन असेल आणि आवाज जमिनीतून येत असेल. जुन्या वस्तीत कुठला आवाज कुठे निघेल सांगता येत नाही.

मी बाहेर पडून वळसा घालून मोकळ्या जागेत गेले. तिथे काही आवाज नव्हता. ऊन होतं, शेळ्या सावलीत बसल्या होत्या, भिंतीवर बाई वाकून बसली होती. परत घरात आले तर खडखड चालूच.

मग मी भिंतीला कान लावला. आवाज लगेच थांबला. संपला असं नाही वाटलं. पायट्यावर पाय ठेवून कोणीतरी थांबलं आहे, तसं वाटलं. मी श्वास रोखून उभी राहिले. पलीकडेही तसंच काहीतरी होतं. मला ते सहन होईना. कान काढला, दोन पावलं मागे सरले, आणि मशीन पुन्हा चालू झालं.

आई झोपेत कूस बदलून भिंतीकडे वळली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रकार, आणि त्यानंतर रोजच. आईची तब्येत सुधारायला लागली. चेहऱ्यावर तजेला आला, जेवण वाढलं, आणि मी मात्र वाळत चालले. दुकानात एका श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मी वाढदिवसाचा केक लावून ठेवला. मालकाने ते वेळीच बघितलं म्हणून नोकरी वाचली.

मी शेवटी आईला विचारलं की तुला दुपारी काही ऐकू येतं का. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "येतं की. बाह्या लावून झाल्या काल. आता गळ्याशी आलंय."

मी विचारलं, कोण शिवतंय? ती म्हणाली, मला काय ठाऊक, शिवतंय कोणीतरी, आपलं काय घेतंय. मी म्हटलं, आई, पलीकडे खोलीच नाहीये. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी अंधाराला भ्यायचे तेव्हा बघायची तसं. म्हणाली, "खोली कशाला लागते? उजेड असला म्हणजे झालं."

त्यानंतर मी ऐकायला लागले ते वेगळ्याच कानांनी. तिचं बरोबर होतं. आधीच्या लांब शिलाया म्हणजे खांदे आणि बगला. मग बाह्या. आता छोटे छोटे तुकडे, मधेच चाक हाताने थांबवलेलं, पुन्हा दोन टाके. गळा वळत होता. काम पुढे चाललं होतं, आणि जे काम पुढे चालतं ते कधीतरी संपतं. संपल्यावर काय होतं, ते मला माहीत होतं. दोनदा टकटक. आणि कॉटवर त्या भिंतीला लागून माझी आई झोपत होती, जिचा हात झोपेतसुद्धा सवयीने उत्तर देईल.

मी कॉट दुसऱ्या भिंतीला लावली. संध्याकाळी घरी आले तर आईने एकटीने ती ओढून परत पहिल्या जागी नेली होती. हृदयाचं दुखणं असलेल्या बाईने.

७

वडाळ्याला मी न कळवता गेले. शहनाजचाची दुसऱ्या मजल्यावर, उजमाच्या घरात, पलंगावर बसून लसूण सोलत होती. बोटांची पेरं सुजली होती. मशीन कुठे आहे विचारलं तर म्हणाली, मालेगावला भाच्याकडे देऊन टाकलं, आता सुईसुद्धा धरवत नाही. माझ्यासाठी चहा टाकायला तिने उजमाला हाक मारली, आईची चौकशी केली. ती ठणठणीत जिवंत होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

मग मी मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं, तिला आवडला.

"सुवर्णा, ये मैं नहीं," ती म्हणाली. "ही मी नाही गं बेटा."

मी समजावायला लागले की तोंड नाही म्हणून तसं वाटतंय. तिने मला गप्प केलं.

"भिंतीकडे तोंड करून कोण शिवतं? सुई कशी दिसेल? माझी मशीन खिडकीला होती. तुमच्या भिंतीला माझी पाठ होती, पाठ. टकटक करायला मी मागे हात न्यायची." तिने सुजलेला हात पाठीमागे नेऊन पलंगाच्या लाकडावर दोनदा वाजवून दाखवलं.

आणि मला आठवलं. खिडकी, तिच्या हातांवर पडलेलं ऊन, मशीनच्या काळ्या मानेवरची सोनेरी नक्षी. शेकडो वेळा बघितलेलं. पण ऐकण्याची इतकी वर्षं त्यावर बसली होती की ऐकून ऐकून मी एक वेगळीच बाई बनवली होती. आमच्याकडे तोंड करून बसलेली. तशी बाई त्या खोलीत कधीच नव्हती.

चाची अजून फोटोच बघत होती. म्हणाली, "मग तिथे तू बसवलीस कोणाला?"

तिने गुलाबी कागदावर बोट ठेवलं. "आणि हा कागद तर तुमच्या घरच्या मापाचा. तुझे अब्बा छापखान्यातून गुलाबी कागद आणून द्यायचे ना, तो मी तुमच्याच घरासाठी ठेवायची. दुसऱ्यात मिसळायला नको म्हणून."

मी तिथून निघाले तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती. घरचं माप म्हणजे आईचंच; त्या बाईच्या अंगावर माझ्या आईचं माप होतं.

८

दुसऱ्या दिवशी मी दुकानात सुट्टी टाकली आणि सकाळीच पाण्याची बादली, लोखंडी पट्टी आणि तारेचा ब्रश घेऊन मोकळ्या जागेत गेले. जिने चिकटवलं तिने उखडावं, त्यात काय एवढं.

मी कागदावर पाणी मारलं. कागद भिजून गडद झाला आणि बाई अजूनच उठावदार दिसायला लागली. पट्टीचं टोक मी तिच्या खांद्याच्या कडेखाली घातलं आणि जोर दिला. माझ्या स्वतःच्या खांद्यात बारीक कळ आली. विटांचा चुरा ब्लाउजमध्ये गेला असेल म्हणून मी खाजवलं आणि पुन्हा जोर दिला. पुन्हा तशीच कळ. खांदा सोडून मी डोक्याकडे वळले.

अंबाड्याजवळची कड सुटली. ओला कागद हळूहळू वर यायला लागला. मी तो दोन बोटांत धरून सोलला, इतकाच, तळहाताएवढा. कागदाची आतली बाजू, जी भिंतीला चिकटलेली होती, ती कोरी असायला हवी होती. मीच कापला होता, मीच खळ लावली होती.

आतल्या बाजूला काळी शाई होती. आधी मला वाटलं, पाझरली असेल. मग दिसलं की ती गालाची रेघ आहे. गाल, त्याखाली ओठांचा कोपरा, आणि त्या मिटलेल्या ओठांतून बाहेर आलेल्या टाचण्यांची टोकं. रेघ माझ्याच हाताची होती. माझ्या ब्रशला उजवीकडे किंचित जाड होण्याची खोड आहे, ती त्यातही होती.

मी कागद होता तसा परत दाबला. दोन्ही तळव्यांनी, कितीतरी वेळ, तो घट्ट चिकटेपर्यंत दाबून धरला. शेळ्या लांब उभ्या राहून बघत होत्या.

त्या दुपारी मशीन वाजलं नाही. आई कॉटवर पडून म्हणाली, "झाली शिलाई. आता तुरपाई नि हुक. हातकामाला आवाज नसतो."

९

मी आईला लासलगावला पाठवायचं ठरवलं, तिच्या बहिणीकडे, मालनमावशीकडे. घरात रंगकाम काढायचं आहे आणि तुला वास सोसणार नाही, असं कारण सांगितलं. ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती, पण ती लगेच तयार झाली. पिशवी भरताना म्हणाली, एक पीस घेतलाय गं, मालन शिवून देईल. मी हो हो म्हटलं आणि औषधांच्या गोळ्या मोजत राहिले. सीबीएसवरून लासलगावच्या एसटीत खिडकीशी बसवलं. गाडी सुटली तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. आता वाजवू दे त्या बाईला टकटक. हाक ऐकणारंच कोणी घरात नव्हतं.

रोहितला मी ग्राइंडर घेऊन यायला सांगितलं, भिंतच घासून टाकायला. त्याच्याकडे इलेक्शनचे फ्लेक्स होते. म्हणाला, ताई, तेवढं शनिवारपर्यंत धरा.

मधले दिवस मी जेवायला घरी येत राहिले. का येत होते, सांगता येत नाही. त्या भिंतीमागे काय चाललंय हे न कळणं जास्त वाईट वाटायचं. पलीकडे अगदी शांत होतं. मी ताट घेऊन उंबऱ्याशी बसायचे आणि ती शांतता ऐकायचे. एका टाक्यानंतर दुसरा टाका पडण्याइतका वेळ त्या शांततेत असायचा.

शुक्रवारी दुपारी मी आईला फोन लावला. आवाज खणखणीत होता. मावशीच्या अंगणात कांद्याच्या ट्रॉल्या उभ्या आहेत, ट्रॅक्टरच्या आवाजात मस्त झोप लागते, म्हणाली. मग म्हणाली, मालनने ब्लाउज छान शिवला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, चाचीच्या हाताची सर नसेल.

आई हसली. "मला काय माहीत शहनाजच्या हाताचं? माझे ब्लाउज लग्न झाल्यापासून मालनच शिवते. इतकी वर्षं एका घरात राहतेस, आईचे ब्लाउज कोण शिवतं ते ठाऊक नाही का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. विचारावं असं कधी मनातही आलं नव्हतं.

"शहनाजने शिवले ते सगळे तुझे," आई म्हणाली. "शाळेच्या युनिफॉर्मपासून. तुझे बाबा गुलाबी कागद आणून द्यायचे ते काय माझ्यासाठी? पोरीचं माप चुकू नये म्हणून द्यायचे."

माझा हात आपोआप माझ्या खांद्यावर गेला. पट्टी लागली होती ती जागा अजून दुखत होती.

भिंतीवर दोनदा टकटक झालं.

हलकं, ओळखीचं. फोनमधून ते आईलाही ऐकू गेलं. "झालं वाटतं," ती म्हणाली. "वाजव की एकदा."

मी वाजवलं नाही. मी ताट बाजूला सारलं, पाय जवळ घेतले आणि भिंतीपासून जमेल तितकी दूर, दाराजवळ जाऊन बसले. आई काहीतरी बोलत होती, कांद्याचे भाव की काय. पुन्हा दोनदा टकटक झालं. मी तोंडावर हात धरला.

मग भिंतीमागे वेगळाच आवाज सुरू झाला. कागद फाटल्याचा, चघळल्याचा, खरबरीत जिभांचा. शेळ्या आल्या होत्या. शेळ्या खात होत्या, मशीन, स्टूल, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले एकदाची, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

म्हटलं, आणि मग कळलं. इतके दिवस त्या ज्या कागदाजवळ गेल्या नव्हत्या, तिथे त्या आज कशा गेल्या. वीतभर अंतर राखायला भिंतीवर आता कोणी उरलंच नव्हतं.

गल्लीत चपलांचा आवाज नव्हता. दारासमोरच्या फरशीवरून काहीतरी ओलं घसटत आलं आणि थांबलं. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, तो अर्धा झाला. मग त्या फटीतून पाणी आत आलं. पांढरट, दाट, कडेला किंचित निळसर. शिजवलेल्या मैद्याचा वास मला ओळखायला वेळ लागला नाही.

दार दोनदा वाजलं.

"दार वाजलं का गं?" आईने फोनवर विचारलं. मी नुसती श्वास घेत राहिले आणि तिने तेच उत्तर समजलं. "शहनाज असेल. तिला कुठे धीर असतो. जा, उघड. घालून बघ, आणि पाठीत कसा बसतो ते मला सांग."